मज्जावाचा नकाशा

रामचंद्रन नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात बघत राहावं असं काही दिसत नाही. एक चौकोन. आडव्या कडेवर एका कोनाचे अंश, उभ्या कडेवर दुसऱ्या कोनाचे. डावीकडे वर एक मोठा वेडावाकडा डाग, त्याच्या खाली डावीकडेच दुसरा, आणि उजव्या बाजूला मध्यापासून जरा वर एक चिमुकला. उरलेली सगळी जागा पांढरी. जीवरसायनशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात, प्रथिनांच्या प्रकरणात, हे चित्र असतं. ‘वर बीटा, खाली अल्फा’ एवढं पाठ करून विद्यार्थी पान उलटतो, कारण परीक्षेत तेवढंच विचारतात.

मला मात्र हे विसाव्या शतकात भारतात काढल्या गेलेल्या सर्वांत देखण्या चित्रांपैकी एक वाटतं. मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या तिघांनी ते १९६३ साली ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’मध्ये छापलं. लेख जेमतेम पाच पानांचा. प्रथिनाची साखळी कोणकोणते आकार घेऊ शकते, एवढाच त्याचा प्रश्न. उत्तर देताना त्यांनी साखळीला काय जमेल याची यादी केली नाही. काय जमणारच नाही ते एकेक करून खोडत गेले, आणि खोडून जे उरलं ते शाईने भरलं. म्हणून या चित्राचं वाचन डागांपासून सुरू करण्यात अर्थ नाही. ते पांढऱ्यापासून करायला हवं.

त्याआधी दोन कडांवर काय मोजलं आहे ते पाहू. अमिनो आम्लाच्या मध्यभागी एक कार्बन असतो, त्याला अल्फा कार्बन म्हणतात. त्याचे चार हात. एका हाताला अमिनो गट, दुसऱ्याला कार्बॉक्सिल गट, तिसऱ्याला साधा हायड्रोजन. चौथ्या हाताला जे लटकतं त्यावरून आम्लाचं नाव ठरतं: नुसता हायड्रोजन असेल तर ग्लायसिन, एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन असतील तर अॅलॅनिन, आणि असं करत वीस प्रकार. एका आम्लाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाला भेटतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोघांत पेप्टाइड बंध तयार होतो. असे शेकडो बंध ओळीने जुळले की प्रथिनाची साखळी झाली.

या बंधाचा एक हट्ट आहे. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात साधा एकेरी बंध असता तर त्याची लांबी सुमारे १.४७ अँगस्ट्रॉम भरली असती. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) पेप्टाइड बंधात ती सुमारे १.३३ भरते. बंध आखूड आहे, कारण तो अर्धवट दुहेरी आहे. आणि दुहेरीपणाचा अंश असलेला बंध स्वतःभोवती सहज फिरत नाही. परिणामी त्याच्या आजूबाजूचे सहा अणू एकाच पातळीत जखडले जातात. साखळी लवचीक दिसते, पण प्रत्यक्षात ती ताठ, सपाट तुकड्यांची बनलेली आहे. एका अल्फा कार्बनपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ठरलेलं, ३.८ अँगस्ट्रॉम. वळायला मोकळीक फक्त अल्फा कार्बनपाशी, त्याच्या दोन बाजूंच्या दोन बंधांभोवती. नायट्रोजनच्या बाजूला जो कोन होतो तो फाय, कार्बोनिल कार्बनच्या बाजूला होतो तो साय. नकाशाच्या आडव्या कडेवर फाय आहे, उभ्या कडेवर साय.

चित्राच्या सौंदर्याची सुरुवात या निवडीतच आहे. स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनमध्ये १५३ अमिनो आम्लं आहेत. त्यातल्या प्रत्येक अणूची जागा सांगायची तर हजारो आकडे लागतील. साखळीच्या कण्याचा आकार सांगायला मात्र प्रत्येक आम्लामागे दोन कोन पुरतात, म्हणजे सगळे मिळून तीनशेच्या आसपास. आणि दोन कोन असले की ते कागदावर एका बिंदूने दाखवता येतात. त्रिमितीत वेटोळं घालून बसलेला रेणू अशा रीतीने सपाट चौकोनातल्या बिंदूंचा थवा होतो. चौकोनाच्या कडाही खऱ्या कडा नाहीत. उणे १८० अंश आणि अधिक १८० अंश हा एकच कोन असल्यामुळे डावी कड उजवीला आणि वरची खालचीला जोडलेली आहे. वरच्या डागाचा थोडासा अंश चौकोनाच्या अगदी तळाशी उगवलेला दिसतो, तो यामुळे. तो वेगळा प्रदेश नव्हे.

आता पांढऱ्याकडे येऊ. ते काढण्यासाठी तिघांनी एकच नियम वापरला: एकमेकांशी बंध नसलेले दोन अणू ठरावीक अंतराच्या आत येऊ शकत नाहीत. अंतरांचा तक्ता त्यांनी तोवर उलगडलेल्या लहान रेणूंच्या स्फटिकांवरून बनवला. दोन हायड्रोजनमध्ये निदान २.० अँगस्ट्रॉम, फारच दाटी झाली तर १.९. दोन कार्बनमध्ये ३.२, अगदी नाइलाज झाला तर ३.०. मग एका अल्फा कार्बनच्या दोन्ही अंगांना एकेक सपाट तुकडा कल्पून फाय आणि साय थोडे थोडे फिरवत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी अणूंच्या सगळ्या जोड्या तपासायच्या. एक जरी जोडी मर्यादेच्या आत घुसली तरी ती जागा बाद. या हिशेबात ऊर्जेचं गणित नाही, हायड्रोजन बंध नाहीत, भोवतीचं पाणी नाही, साखळीचा उरलेला भागही नाही. दोन वस्तू एका जागी मावत नाहीत, एवढंच तत्त्व. तेवढ्याने चौकोनाचा तीन-चतुर्थांश भाग पांढरा होतो.

इतक्या साध्या मज्जावातून काय उरतं ते पाहिलं की या चित्राची खरी गंमत कळते. खालच्या डागात, फाय उणे ५७ आणि साय उणे ४७ च्या आसपास, अल्फा मळसूत्र बसतं. वरच्या डागात, जिथे साखळी जवळजवळ ताणलेली असते, तिथे बीटा पत्र्यांचे धागे. ही दोन्ही रूपं १९५१ साली पॉलिंग आणि कोरी यांनी सुचवली होती, अल्फा मळसूत्राच्या लेखात ब्रॅन्सन त्यांच्यासोबत होते. पण त्यांची वाट वेगळी होती. हायड्रोजन बंध नीट जुळतील असे आकार ते शोधत होते. मद्रासच्या हिशेबात हायड्रोजन बंधांना प्रवेशच नव्हता. साखळी स्वतःशीच बांधली जावी म्हणून जे आकार हवेत, नेमके तेच आकार दाटी टाळूनही शिल्लक राहतात. दोन स्वतंत्र कारणं एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि ती मिळतात हे सांगायला चित्रात एक शब्दही लागत नाही.

काय जमणार नाही ते आधी ठरवण्याचं सूत्र पॉलिंग यांच्या यशातही आहे. १९५० साली केंब्रिजमध्ये ब्रॅग, केंड्रू आणि पेरुट्झ यांनी साखळीच्या संभाव्य मळसूत्री रचना पद्धतशीर मांडून पाहिल्या होत्या. मात्र पेप्टाइड बंध सपाट ठेवण्याची अट त्यांनी घातली नाही, आणि मळसूत्राच्या एका फेऱ्यात आम्लांची संख्या पूर्णांकातच हवी असं धरून चालले. पॉलिंग यांनी सपाटपणा सोडला नाही, पूर्णांक मात्र सोडला. त्यांच्या मळसूत्राच्या फेऱ्यात ३.६ आम्लं येतात. कोणता निर्बंध पदार्थाचा आहे आणि कोणता आपल्या सवयीचा, हे ओळखण्यात त्यांची नजर दिसते. रामचंद्रन यांनी ती नजर एका रचनेपुरती न ठेवता सगळ्या शक्यतांवर फिरवली.

उजवी बाजू जवळपास ओस का, हा प्रश्न चित्र वाचणाऱ्याने स्वतःला विचारायलाच हवा. नियम तर कुठलीही बाजू घेत नाही. बाजू घेतो तो अल्फा कार्बन. त्याचे चार हात चार वेगळ्या गोष्टींना धरतात, तेव्हा त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत तशी. सजीवांच्या प्रथिनांत यांपैकी एकच, ‘एल’ प्रकार येतो. फाय अधिकच्या बाजूला नेला की चौथ्या हातावरचा पहिला कार्बन आधीच्या आम्लाच्या ऑक्सिजनवर जाऊन आदळतो, आणि तो अर्धा भाग बंद होतो. एक लहानशी फट राहते, तीत डाव्या फिरकीचं मळसूत्र कसंबसं मावतं. ‘डी’ प्रकारची आम्लं घेऊन हेच चित्र काढलं तर ते मध्यबिंदूभोवती पूर्ण उलटं होईल. म्हणजे जीवसृष्टीने फार पूर्वी केलेली एक निवड या चौकोनाच्या डाव्या-उजव्यात उमटली आहे.

इथवर चित्राच्या आतलं. ते काढावं असं मुळात का वाटलं, ती कथा मद्रासच्या दुसऱ्या एका रेणूपाशी सुरू होते. रामचंद्रन १९५२ साली, ऐन तिशीत, मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून आले. त्याच सुमारास तिथे येऊन गेलेल्या जे. डी. बर्नाल यांनी कोलॅजनची रचना अजून सुटलेली नाही याकडे त्यांचं लक्ष वेधलं. कातडी, हाडं, कंडरा, कूर्चा यांना ताकद देणारं हे प्रथिन. आपल्या शरीरातल्या प्रथिनांचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजनचा. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये कोलॅजनची तिपेडी रचना मांडली, आणि पुढच्या वर्षी तीन पेड एकमेकांभोवती पिळलेलं सुधारित रूप.

तीन साखळ्या अशा बिलगायच्या तर आतल्या अंगाला चौथा हात मावायला जागाच नाही. म्हणून प्रत्येक तिसरं आम्ल ग्लायसिन असावं लागतं, आणि कोलॅजनमध्ये ते तसं असतंच. १९५५ साली अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी तिपेडी कल्पना मानली, पण मद्रासच्या प्रतिमानावर आक्षेप घेतला: यात काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत. दर तीन आम्लांमागे पेडांमध्ये दोन हायड्रोजन बंध की एक, यावरही मतभेद होता. बंधांच्या मुद्द्यात पुढे एकाच बंधाचं पारडं जड ठरलं.

आक्षेपाला उत्तर देणं म्हणजे प्रतिमान थोडं इकडे-तिकडे सरकवणं, एवढंच सहसा घडतं. रामचंद्रन यांनी आक्षेपातला ‘फार जवळ’ हा शब्द पकडला. फार म्हणजे किती? अणू प्रत्यक्षात किती जवळ येतात? छापून आलेल्या स्फटिक रचना त्यांनी व सहकाऱ्यांनी चाळल्या आणि तो अंतरांचा तक्ता तयार केला. तक्ता हातात आल्यावर एका रेणूच्या बचावात अडकून न पडता ते प्रथिनमात्राच्या प्रश्नाकडे वळले. वादात बोललेल्या एका ढोबळ विशेषणाला आकडे चिकटवले आणि त्यातून नवं शास्त्र निघालं, असं फार थोड्या वेळा झालं असेल.

नकाशात डागांभोवती दोन रेघा का असतात, हेही इथे कळतं. आतली रेघ नेहमीच्या अंतरांची, बाहेरची कमाल दाटीची. पाठ्यपुस्तकांत त्या गडद आणि फिकट रंगांनी दाखवतात आणि विद्यार्थ्याला ती निव्वळ सजावट वाटते. खरं तर चित्राचा प्रामाणिकपणा त्या दुसऱ्या रेघेत आहे. निषेध किती कडक, हे मोजणाऱ्यावर थोडं अवलंबून असतं, आणि काढणाऱ्यांनी ते लपवलं नाही. अल्फा कार्बनपाशी बंधांमधला कोन किंचित रुंद केला, ११० अंशांऐवजी ११५, तर अल्फा आणि बीटा यांच्यामधली चिंचोळी वाट उघडते हेही त्यांनी दाखवलं. खऱ्या प्रथिनांतली काही आम्लं त्या वाटेवर सापडतात. कोलॅजनला लागणारे कोनही वरच्या डागात बसतात.

हे चित्र अॅलॅनिन समोर ठेवून काढलेलं आहे, आणि वीसपैकी अठरा आम्लांना ते कमी-अधिक फरकाने लागू पडतं. राहिलेली दोन स्वतंत्र नकाशे मागतात. ग्लायसिनच्या चौथ्या हातावर हायड्रोजनच आहे, म्हणून त्याला डावं-उजवं नाही. त्याचा नकाशा मध्यबिंदूभोवती सममित असतो आणि त्यात मोकळी जागा कितीतरी जास्त. साखळीला जिथे अवघड वळण घ्यायचं असतं तिथे म्हणूनच वारंवार ग्लायसिन येतं. प्रोलिनचं उलटं. त्याचा चौथा हात वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडला गेलेला आहे, त्यामुळे फाय उणे ६५ च्या आसपास अडकतो. अल्फा मळसूत्राच्या मध्ये प्रोलिन आलं की मळसूत्र तिथे मोडतं किंवा वाकतं. एकाला सगळ्यांत जास्त मोकळीक आणि दुसऱ्याला सगळ्यांत कमी, आणि शरीरातलं सगळ्यांत मुबलक प्रथिन या दोघांना हाताशी धरून उभं आहे. कोलॅजनमध्ये ग्लायसिनचा लहानपणा पेडांना जवळ येऊ देतो आणि प्रोलिनचा ताठरपणा पेड सुटू देत नाही. काही प्रोलिनांना एक ऑक्सिजन जोडून हायड्रॉक्सिप्रोलिन केलं जातं, तेव्हा पीळ आणखी पक्का होतो. त्या कामाला क जीवनसत्त्व लागतं. ते न मिळाल्याने स्कर्व्ही झालेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. एखाद्या ग्लायसिनच्या जागी आनुवंशिक बदलामुळे मोठं आम्ल बसलं, तर हाडं ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार होऊ शकतो. जागा मावत नाही हे तत्त्व कागदावर कोरडं वाटतं, पण हिरड्या आणि हाडं ते जाणतात.

चित्राला काय सांगता येत नाही, हेही म्हणायला हवं. कुठलं आम्ल मोकळ्या जागेतला नेमका कोणता बिंदू निवडेल आणि साखळी शेवटी कशी घडी घेईल, हे या चौकोनातून कळत नाही. रागदारीतही असंच आहे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, तसेच देशकारातही वर्ज्य, पण तेवढ्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. तो स्वरांच्या वजनावर आणि चालीवर ठरतो. मात्र वर्ज्य स्वर लागला तर राग बिघडला हे तत्काळ कळतं, आणि रामचंद्रन नकाशाचं आजचं मुख्य काम त्याच जातीचं आहे.

१९६३ साली अणूंच्या पातळीपर्यंत उलगडलेलं प्रथिन म्हणजे मायोग्लोबिन, जवळजवळ एवढंच. १९७१ साली प्रोटीन डेटा बँक सुरू झाली ती सात रचनांवर. आज तिथे दोन लाखांहून अधिक प्रायोगिक रचना आहेत. जिवाणूंची प्रथिनं, वनस्पतींची, माणसाची, विषाणूंची. त्यांचे बिंदू घालत गेलं तर ते पुन्हा पुन्हा मद्रासमध्ये आखलेल्या रेघांच्या आत गोळा होतात. नवीन रचना छापायची तर तिचे बिंदू या नकाशावर कुठे पडले ते संशोधकाला सांगावं लागतं. पांढऱ्यात बरेच बिंदू पडले तर रचना बसवणाऱ्याचं कुठेतरी चुकलं असावं, असाच पहिला संशय येतो. संगणकाने भाकीत केलेल्या रचनांनाही ही तपासणी चुकत नाही.

पण पांढऱ्यात पडलेला प्रत्येक बिंदू चूक नसतो. कधी कधी प्रथिन आपलं काम जिथे करतं त्या ऐन जागेपाशीच एखादं आम्ल निषिद्ध कोनात ताणून धरलेलं आढळतं. त्या ताणाची किंमत इतर बंधांनी भरलेली असते. असा बिंदू खरा ठरला तर बाकीच्या शेकडो आज्ञाधारक बिंदूंपेक्षा तो जास्त बोलका असतो. म्हणून एखाद्या प्रथिनाचा नकाशा समोर आला तर गर्दीच्या डागांत आधी डोकावू नये. ग्लायसिन बहुधा त्रिकोणांनी दाखवलेलं असतं. ते त्रिकोण बाजूला काढावेत, त्यांना मोकळीक आहेच. मग पांढऱ्यात एकटे पडलेले बिंदू मोजावेत आणि प्रत्येकाला विचारावं: तू कोणाच्या हातून चुकून इथे आलास, की इथे उभं राहण्यासाठी तुझ्याकडे काही कारण आहे?